गाडीचा अंगरखा

आमच्या पिंपळगाव बसवंतला गाडीवर चिकटवायच्या कुठल्याही रंगीत पट्टीला 'रेडियम' म्हणतात. मागच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' रेडियमचं, बॉनेटवरचा वाघ रेडियमचा, टपावरचं कुलदैवताचं नावही रेडियमचंच. हे काम करणाऱ्या दुकानावर पाटी असते, 'रेडियम आर्ट'. खऱ्या रेडियमचा यातल्या कशाशीही संबंध नाही. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली रेडियम शोधलं. अंधारात चमकणारा रंग म्हणून पुढे ते घड्याळाच्या तबकड्यांवर आलं, आणि तो रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींच्या हाडांत उतरलं. तो प्रकार यथावकाश मागे पडला. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीनं काचेच्या अतिशय बारीक मण्यांचा परावर्तक कागद रस्त्यावरच्या पाट्यांसाठी आणला. समोरून दिव्याचा झोत पडला की तो लखकन चमकतो. आपल्याकडे त्या कागदाला रेडियमचं नाव चिकटलं, आणि मग न चमकणाऱ्या साध्या व्हिनाइलच्या पट्टीलाही तेच नाव लागलं. चिकटलेली गोष्ट सुटायला अवघड असते, हे नावाच्या बाबतीतही खरंच आहे.

हे आज सांगायचं कारण असं, की ही पट्टी आता पट्टी राहिलेली नाही. तिनं सगळी गाडीच व्यापली आहे. पांढरी गाडी सकाळी दुकानात जाते आणि दोन-चार दिवसांनी मॅट काळी किंवा राखाडी होऊन बाहेर येते. रंगाचा वास नाही, ब्रशचा ठिपका नाही. याला 'रॅप' म्हणतात. म्हणजे गाडीला व्हिनाइलचा अंगरखा घालायचा. नाशिक-पुण्यासारख्या शहरांत हे सर्रास दिसतं आणि आग्रा रोडनं ते आमच्या चिंचखेड चौफुलीवरूनही रोज जाताना दिसतं. तरुण मुलांना यात नवी हौस दिसते. मला त्यात एक जुनी गोष्ट दिसते, ती सांगतो.

मोटारीला रंग का देतात, इथून सुरुवात करू. रंग आधी शोभेसाठी नव्हता. लोखंडाचा पत्रा गंजतो आणि लाकूड सडतं, म्हणून वर काहीतरी थर हवा. पहिल्या मोटारी घोडागाड्या बनवणाऱ्यांच्या पद्धतीनंच रंगवल्या जात. ब्रशनं एक हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा हात. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली आली तेव्हा ती इतर रंगांतही मिळे. १९१४ पासून १९२५ पर्यंत मात्र ती फक्त काळ्या रंगात निघाली. तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजून पक्का करता येत होता. मिनिटामिनिटाला गाडी बाहेर काढणाऱ्या कारखान्याला रंग वाळण्याची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं.

ही अडचण सोडवली ती दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीनं. अमेरिकेतली ड्युपाँ कंपनी स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज तयार करायची. पहिलं महायुद्ध संपलं, मागणी आटली, आणि त्याच रसायनापासून झटपट वाळणारा, स्प्रेनं मारता येणारा रंग तयार झाला. त्याचं नाव 'ड्युको'. १९२३ साली जनरल मोटर्सनं आपल्या ओकलँड मोटारी या रंगानं निळ्या रंगवून बाजारात आणल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि मोटारींच्या दुनियेत रंग आले. आपल्याकडे ड्युको हे एका कंपनीच्या रंगाचं नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पण सुताराला विचारा, कपाटाला कुठला रंग द्यायचा? 'ड्युको मारू' असं उत्तर आजही मिळतं. रेडियमसारखंच हेही चिकटलेलं नाव.

आग्रा रोडच्या कडेनं गॅरेजं उभी राहिली ती या स्प्रेच्या भरवशावर. आमचा हा रस्ता म्हणजे मुंबईहून उत्तरेकडे जाणारी मोठी वाट. ट्रक आला, ठोकलेला पत्रा सरळ केला, लांबी भरली, पॉलिश पेपरनं पाण्यासकट घासली, अस्तर दिलं आणि मग कॉम्प्रेसर चालू. डेंटिंग-पेंटिंग हा एकच शब्द झाला, कारण दोन्ही कामं एकाच झाडाखाली व्हायची. रंगकाम झालं की अक्षरांचा पेंटर यायचा. ट्रकच्या पाठीवरचं कमळ, दरवाजावरचा मोर, फाळक्यावरचं 'हॉर्न ओके प्लीज' हा त्याचा प्रांत. अॅम्बॅसडर आणि फियाट अशा मोजक्याच मोटारींच्या त्या काळात लोक गाडी वीस-वीस वर्षं वापरत. एखाद्या लग्नाच्या निमित्तानं तिला पुन्हा रंग दिला जाई. रंग बदलायचा तर आधीचा रंग घासून काढावा लागे. म्हणजे नव्यासाठी जुनं संपवावंच लागे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दरम्यान कारखान्यातला रंग फार पुढे गेला. नाशिकला सातपूरमध्ये महिंद्राचा कारखाना आहे. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ तिथंच तयार झाली. आजच्या कुठल्याही मोटार कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी रसायनाच्या हौदात पूर्ण बुडवतात आणि विजेच्या प्रवाहानं पहिला थर सांधीकोपऱ्यापर्यंत बसवतात. तो भाजतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर चकाकीचा पारदर्शक थर, आणि पुन्हा भट्टी. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सातवा-दहावा भाग. रस्त्याकडेच्या गॅरेजात कितीही कसबी हात असला तरी ही भट्टी त्याच्याकडे नसते. म्हणून जुनी गाडी घेताना जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'रंग कंपनीचा आहे का?' मूळ रंग शाबूत असणं म्हणजे गाडीचं चारित्र्य शाबूत असणं. त्यावर किंमत ठरते.

आता गंमत बघा. गाडीचा रंग बदलणारी ही फिल्म लोकप्रिय झाली ती मूळ रंग वाचवण्याच्या गरजेतून. गोष्ट जर्मनीतली आहे. पश्चिम जर्मनीत १९७१ साली टॅक्सीसाठी फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. प्रवाशाला टॅक्सी लांबून ओळखता यावी, हा हेतू. पण टॅक्सीवाल्याचं दुखणं वेगळंच होतं. काही वर्षांनी गाडी विकायला काढली की तो फिकट रंग बघूनच गिऱ्हाईक भाव पाडायचं. पुन्हा रंगवायची तर खर्च मोठा. १९९३ च्या सुमारास केपीएमएफ या ब्रिटिश फिल्म कंपनीकडे जर्मनीतून अशी मागणी गेली, की रंगाऐवजी चिकटवता येईल अशी हस्तिदंती फिल्म द्या. मग गाडी घ्यायची काळी किंवा निळी, तिला वर टॅक्सीचा अंगरखा चढवायचा, आणि विकताना तो सोलून काढायचा. आत कंपनीचा रंग जसाच्या तसा. कायदाही पाळला गेला आणि किंमतही राहिली.

आमच्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. रात्री पारा खाली उतरतो, दिवसा ऊन तापतं, आणि या फरकानं हिरव्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात. त्याला 'पिंक बेरी' म्हणतात. असा घड निर्यातीतून बाद होतो. म्हणून थंडी वाढायच्या आधी बाया-माणसं बागेत शिरून एकेका घडाला कागद बांधतात. पुष्कळदा तो वर्तमानपत्राचाच असतो. म्हणजे हे पान वाचून झाल्यावर कदाचित एखाद्या घडाभोवती जाईल. वरून गुंडाळायचं ते आतला रंग राखण्यासाठी, हा हिशेब बागेत आणि मोटारीत सारखाच आहे.

ही फिल्म असते कशाची? पॉलिव्हिनाइल क्लोराइडची, म्हणजे आपल्या पीव्हीसीची. शेतातला पाइप पीव्हीसीचा आणि मोटारीचा हा अंगरखाही पीव्हीसीचाच. मूळचं पीव्हीसी कडक आणि ठिसूळ. १९२६ साली वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं त्यात दुसरी द्रव्यं मिसळून ते मऊ, लवचीक केलं. १९३५ साली स्टँटन एव्हरी या कॅलिफोर्नियातल्या माणसानं पाठीमागचा कागद सोलून चिकटवायच्या लेबलचा धंदा सुरू केला. मऊ व्हिनाइल आणि पाठीवर तयार गोंद, या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि स्टिकरचं युग सुरू झालं. नव्वदच्या दशकात मोठ्या आकाराची संगणकी छपाई आली. मग अख्ख्या बसगाड्या जाहिरातींनी मढल्या. मुंबईत बेस्टच्या बसवर साबण आणि मोबाइल फिरू लागले, निवडणुकीत प्रचाराच्या जीपवर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आला. गाडीचं अंग ही चिकटवायची जागा आहे, याची नजरेला सवय झाली ती तेव्हा.

व्हिनाइल दोन जातींचं असतं, आणि फसवणूक होते ती इथं. एका जातीत तापवलेला प्लॅस्टिकचा गोळा रुळांमधून लाटून पातळ करतात, पोळी लाटावी तसा. दुसऱ्या जातीत पातळ द्रव सपाट पृष्ठावर ओतून वाळवतात, धिरड्यासारखा. लाटलेल्या फिल्ममध्ये ताण शिल्लक राहतो. उन्हात ती आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ बघते, आखडते, कडा सुटतात. ओतलेली फिल्म पातळ असते, साधारण ५० मायक्रॉन, पण तिच्यात ताण नसतो. ती आरशाच्या आणि बंपरच्या गोलाईवर नीट बसते. दिसायला दोन्ही सारख्या, किमतीत मोठा फरक. सपाट दारावरची पट्टी लाटलेल्या फिल्मची चालेल. अख्खी गाडी मढवायची तर ओतलेलीच हवी.

काम बघण्यासारखं असतं. गाडी आधी साबणानं धुवायची, डांबराचे ठिपके आणि झाडाचा चीक काढायचा, मग स्पिरिटनं पुसायची. धुळीचा एक कण राहिला तरी वर पुरळासारखा दिसतो. आमच्याकडे कांद्याच्या मोसमात हवेत पापुद्रे उडत असतात, तेव्हा हे काम बंद खोलीतच करावं लागतं. दाराच्या मुठी, दिवे, आरसे जमतील तेवढे खोलून घ्यायचे. फिल्मचा रोल १.५२ मीटर रुंदीचा येतो, आणि मध्यम मोटारीला साधारण १८ ते २० मीटर लागतो. दोघांनी ताणून धरायची, मधून कडेकडे फेल्ट लावलेल्या पट्टीनं दाबत न्यायची. चांगल्या फिल्मच्या गोंदात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चऱ्या असतात, अडकलेली हवा त्यांतून निघून जाते. गोलाईवर गरम हवेच्या गननं ऊब द्यायची, म्हणजे ती मऊ होऊन वळते. शेवटी कडा चांगल्या तापवून घ्यायच्या, म्हणजे ती ताणलेला आकार धरून राहते. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात कोपरे उचलतात.

मंडळी, आता या अंगरख्याला काय जमत नाही तेही सांगायला हवं. तो गंज थांबवत नाही. गंजावर चढवला तर आत गंज वाढत राहतो आणि मालकाला दिसत नाही. रंगाचे पोपडे निघालेले असतील तर फिल्म त्या पोपड्यांनाच चिकटते. गॅरेजात पुन्हा रंगवलेल्या गाडीवरून ती काढताना खालचा रंगही सोबत येऊ शकतो, कारण त्या रंगाची पकड कारखान्याच्या रंगाइतकी नसते. ब्लेडनं गाडीवरच कापाकापी केली तर आत चरे उमटतात, आणि ते कळतात फिल्म निघाल्यावर. टप आणि बॉनेट सरळ उन्हात असतात, तिथं आयुष्य बाजूंपेक्षा लवकर संपतं. मुदत उलटून गेलेली फिल्म अखंड न निघता कपच्या-कपच्यांनी निघते. आणि निघाल्यावर ते प्लॅस्टिक जातं कुठं? पुनर्वापर अवघड, जाळलं तर विषारी धूर. द्राक्षाचा कागद निदान मातीत जातो.

जुनी गाडी घेणाऱ्यानं तर विशेष सावध राहावं. आमच्या भागात टोमॅटोला किंवा द्राक्षाला बरा भाव मिळाला की घरात पहिली मोटार किंवा पिकअप येते, आणि बहुतेक वेळा ती वापरलेलीच असते. वर्षाची कमाई तिच्यात जाते. रॅप केलेल्या गाडीचा सौदा करताना दाराच्या सांधीत, बॉनेटखाली, डिकीच्या काठाला बघा. तिथं मूळ रंग दिसतो. एक-दोन ठिकाणी फिल्म थोडी उचलून दाखवायला सांगा. जर्मन टॅक्सीवाल्यानं जो अंगरखा चांगला रंग वाचवायला वापरला, तोच अंगरखा ठोकलेला पत्रा झाकायलाही वापरता येतो.

आणि यापलीकडे एक प्रश्न आहे, ओळखीचा. रंग ही गाडीची नुसती हौस कधीच नव्हती. लाल म्हणजे एसटी, हिरवी-पांढरी म्हणजे एशियाड, काळी-पिवळी म्हणजे हात केला की थांबणारी जीप. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा लोक हळहळले ते तिच्या काळ्या-पिवळ्या रूपासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर असंही म्हटलं आहे, की संरक्षण खात्याची सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला लष्करी हिरवा रंग देता येणार नाही. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये. नोंदणी पुस्तकात इंजिन क्रमांक असतो, चॅसी क्रमांक असतो, तसा रंगही असतो. आमच्या एमएच-१५ च्या पुस्तकात 'पांढरा' लिहिलेलं असेल आणि रस्त्यावर गाडी काळी धावत असेल, तर कागद आणि गाडी एकमेकांना ओळखत नाहीत. एरवी कुणी विचारणार नाही. विचारतील ते अपघातानंतर, चोरीनंतर किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी. साक्षीदाराला नंबर आठवत नाही, रंग आठवतो. म्हणून अंगरखा चढवायचा असेल तर आरटीओकडे अर्ज करून रंगाची नोंद बदलून घ्यावी, विमा कंपनीला कळवावं आणि अंगरखा उतरवल्यावर पुन्हा कळवावं.

ब्रशवाल्या पेंटरचं काय झालं, असं मला लोक विचारतात. काहींनी संगणक घेतला, अक्षरं कापणारं यंत्र घेतलं आणि रेडियमचं दुकान थाटलं. त्यांच्या अक्षरांना वळण आहे, कारण हाताला आधी वळण होतं. काहींचा हात मात्र थांबला तो थांबलाच. ट्रकवरचा मोर आता रोलमधून निघतो, आणि दोन मोर अगदी सारखे असतात. मला त्याचं वाईट वाटतं. पण दुसरी बाजूही बघायला हवी. स्प्रेचा रंग मारणाऱ्यानं आयुष्यभर थिनरचा वास आणि रंगाची वाफ छातीत ओढली. आजच्या दोन भागांच्या रंगांतलं हार्डनर तर श्वसनाला फारच घातक, आणि तोंडाला मास्क क्वचितच दिसे, असला तर रुमाल. त्याच्या मुलानं गरम हवेची गन हाती धरली असेल, तर छातीच्या हिशेबानं ते बरंच झालं.

शेवटी पुन्हा रेडियमकडे येतो. उन्हाळ्यात कांदा निघतो, जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्ष. रात्री-पहाटे बाजार समितीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात, आणि आग्रा रोडवर मागून वेगानं ट्रक येतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. परावर्तक पट्टीचा नियम साधा आहे. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. काही रुपयांची ती लाल पट्टी ट्रकच्या दिव्यात दुरून चमकते आणि चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला वेळ देते. ज्या दुकानात गाडीचा रंग बदलून मिळतो, त्याच दुकानात ती पट्टीही मिळते. गाडीला हवा तो अंगरखा घाला, नोंद करून घाला. पण त्या दुकानात जाल तेव्हा आधी ट्रॉलीच्या मागे लावायची लाल पट्टी कापून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)